दुसऱ्या तारेवरचा हुंकारा

टेलिफोन ऑपरेटर म्हटलं की लोकांना वाटायचं, ही बाई दिवसभर दुसऱ्यांच्या गप्पा चोरून ऐकत असणार. ऐकतच होते की! चोरून कशाला, पगार घेऊन ऐकत होते. हेडसेट डोक्यावर चढवल्यावर कान काय पोत्यात बांधून ठेवायचे? कोणाच्या म्हशीचा सौदा फिसकटला, कोणाच्या पोराला पुण्यात नोकरी लागली, कोणाची सून माहेराहून परत यायला तयार नाही, सगळं माझ्या कानांवरून जायचं. आणि संध्याकाळी खोलीवर गेलं की ‘जेवलीस का’ एवढं विचारायलाही कोणी नाही. अख्ख्या तालुक्याचं बोलणं माझ्या हातातून जायचं, आणि माझ्याशी बोलणारं एक माणूस नव्हतं. हे रडगाणं नाही. पुढं जे सांगणार आहे त्याचं कारण यातच आहे, म्हणून आधी सांगून मोकळी होते.

गावाचं नाव सांगणार नाही. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. माझ्या हातून झालं त्याचा डाग गावाला कशाला? मी मूळची दुसऱ्या जिल्ह्यातली. आई-वडील गेलेले, लग्न जमता जमता राहिलेलं, बदली होऊन इथं आलेली. ते दिवस नामांतराच्या चळवळीचे. खोली बघायला गेलं की घरमालक आधी आडनाव विचारायचा. आडनाव ऐकलं की ती खोली त्याच्या मेव्हण्याला आधीच दिलेली निघायची. एका तालुक्यात एवढे मेव्हणे कुठून आले, देव जाणे! शेवटी जिनिंगच्या मागं एका म्हाताऱ्या खालाच्या अंगणात मला खोली मिळाली. खाला भली होती, पण ठार बहिरी. म्हणजे तिथंही बोलणं खुंटलेलंच.

एक्स्चेंज म्हणजे पोस्टाच्या मागची एक लांबट खोली. लाकडी बोर्ड, त्यात भोकांच्या रांगा, समोर दोऱ्यांसारख्या वायरी आणि त्यांच्या टोकाला पितळी प्लग. ज्याला बोलायचंय त्याच्या भोकात एक प्लग, ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या भोकात दुसरा. गावातल्या गावात सोपं काम. बाहेरगावचं सगळं बोलणं मात्र एका तारेवर. ती रस्त्याच्या कडेनं सरळ परभणीला जायची. दुसरी एक जुनी तार होती. ती आधी पूर्णेला जायची आणि तिथून रुळाच्या कडेनं, पिंगळीवरून, परभणीला. लय वळसा. तिच्यावर आवाज आडातून आल्यासारखा यायचा, आणि मागं सारखी घूंऽऽ अशी घरघर. पण पहिली पडली की दुसरी, तेवढाच आमचा आधार.

आणि पहिली पडायचीच. वारा सुटला की पडायची, बंदच्या दिवशी कोणी खांब वाकवला की पडायची. पण सगळ्यात जास्त पडायची ती कडब्यामुळं. ज्वारी निघाली की कडब्याचे ट्रक भरायचे, ते असे उंच की वर बसलेला माणूस खालून पोरासारखा दिसायचा. नाक्यापाशी आमची तार रस्ता ओलांडायची. ट्रक खालून गेला की तार कडब्यात गुंतायची आणि खटकन तुटायची. ड्रायव्हरला पत्ताच नसायचा. तो आपला तार ओढत पुढं निघून जायचा आणि इथं माझ्या बोर्डावर चालू बोलणं मध्येच गप.

मग माझी धावपळ. पूर्णेला रिंग द्यायची, ‘परभणी दे, बोलणं चालू आहे’ असं सांगायचं. परभणीच्या ऑपरेटरनं तिकडचा माणूस धरून ठेवलेला असायचा, त्याला त्यानं जुन्या तारेवर घ्यायचं. आणि मी इकडचा प्लग एका भोकातून उपसून दुसऱ्यात खुपसायचा. हात कितीही चलाख असला तरी मिनिट-दीड मिनिट जायचंच. तेवढा वेळ दोन्हीकडच्या माणसांनी फोन कानाला लावून ठेवला तर बोलणं वाचलं. एकानं जरी खाली ठेवला तर सगळं मुसळ केरात. पुन्हा नंबर लावायचा, आणि तो लागेपर्यंत गावाकडची शेवटची एस.टी. निघून गेलेली असायची.

माणसं फोन ठेवायचीच. फोनमध्ये एकदम सामसूम झाली की माणूस बिचकतो. मी ‘थांबा, लाइन बदलतेय’ असं म्हणून पाहिलं. मध्येच परकी बाई बोलली म्हणून लोक आणखी बिचकायचे आणि ‘कटला, कटला’ करत दाणकन ठेवून द्यायचे. यावरचा इलाज आमच्या थोरल्या ऑपरेटरांनी मला शिकवला. निवृत्तीला आलेले गृहस्थ, पानानं तोंड कायम लाल. म्हणाले, “बाई, आपल्याकडं गोष्ट सांगणाराला हुंकारा लागतो का न्हाई? हुंकारा थांबला की गोष्ट थांबती. हे बी तसंच हाय. तार पडली की तुमी नुस्तं हं म्हणायचं. बोलणारा आपला बोलत ऱ्हातो, तवर तुमी दुसरी तार जोडा.”

म्हणजे तिकडचा माणूस गेलेलाच नाही असं भासवायचं. नियमात हे कुठंच बसत नव्हतं. साहेबाला कळलं असतं तर घरीच बसवलं असतं. पण त्या भागातले जुने ऑपरेटर सर्रास करायचे. थोरल्यांनी एक अट मात्र घातली होती. “सवाल आला की हुंकारा बंद. खोका, शिंका, कायबी करा, पर हं म्हणू नका. सवालाला जवाब द्यायचा हक आपला न्हाई.”

मी त्यात तरबेज झाले. बाप्याचा हं छातीतून काढायचा, म्हातारीचा नाकातून. बाहेरगावच्या फोनवर सगळेच आवाज सारखे भसाडे, त्यामुळं कोणाला संशय यायचा नाही. लाज वाटते सांगायला, पण मला ते आवडायचं. मिनिटभर का होईना, कोणीतरी मला आपली आई समजून बोलायचं, कोणी भाऊ समजून. दुसरी तार जोडली की मी बाजूला व्हायची. कडब्याचे दिवस आले की माझे सहकारी वैतागायचे. मी नाही वैतागायची.

दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, आमच्या खिडकीसमोरच्या कडुलिंबाखाली फोनची वाट बघणारी माणसं बसायची. त्यांच्यात एक होती. पंचवीस वर्षांची असेल. शेळ्या-मेंढ्या राखणारं घर, थोडी कोरडवाहू जमीन, घरी एक सासू, तिला ही आत्या म्हणायची. नवरा विजेचे मोठे टॉवर उभे करणाऱ्या टोळीत होता. टोळी आज या राज्यात, उद्या त्या राज्यात. पत्र लिहिणाऱ्यातला तो नव्हता. टोळी एखाद्या शहराजवळ असली की मंगळवारी दुपारी फोन करायचा. म्हणून ही दर मंगळवारी दीड वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन यायची. फोन आला तर आला, नाही तर बाजार करून घरी. फोन आला की पोस्टातल्या फोनवर दोन वाक्यं स्वतः बोलायची आणि फोन पोरीच्या तोंडाला लावायची. पोरगी बोलायची काय, नुसती फूऽ फूऽ करायची. तेवढ्यावर तिकडं तो खुळ्यासारखा हसायचा. बाकीच्यांच्या बोलण्यात मी मन घालायची नाही, पण त्या फूऽ फूऽसाठी मीही थांबायची.

एका मंगळवारी ती एकटीच आली. खिडकीतून मी विचारलं, “लेकरू कुठंय?” ती म्हणाली, “न्हाई आणलं.” मी म्हटलं ठीक आहे, ऊन आहे, घरी ठेवलं असेल. सकाळपासून बसली होती. पाणी विचारलं तर नको म्हणाली.

अडीचच्या सुमाराला फोन आला. मी जोडून दिला.

“बरं हाय का?” तो म्हणाला.

“हाय,” ती म्हणाली.

“पोरगी काय करायलीय? दे की तिच्याकडं.”

आणि तार पडली. माझ्या कानात ती सामसूम आली आणि मी सवयीनं डावा हात पूर्णेच्या प्लगकडं नेला. ती गप होती. ठेवून देईल म्हणून मी घाईनं म्हणाले, “हं.”

ती म्हणाली, “पोरगी गेली.”

माझा हात तिथंच थांबला. तोंडातून दुसरा हं निघून गेला होता. तो मी म्हटला असं म्हणवत नाही, पण दुसऱ्या कोणाच्या तोंडातून निघाला असंही नाही.

“ताप आला. तीन दिस उतरलाच न्हाई. दवाखान्यात न्यायला मोटरीत बसलो, तर वाटंतच गेली. माझ्या मांडीवर. आत्यांना वाटलं निजली.” ती एकेक शब्द वेचून ठेवल्यासारखी बोलत होती. “सहा दिस झाले.”

तेव्हाच मध्ये पडायला हवं होतं. ‘बाई, थांबा, तुमचा माणूस तिकडं नाही’ एवढंच म्हणायचं होतं. पण एवढं बोलायला तिला सहा दिवस लागले होते. ते अर्ध्यावर तोडून, थांबा, आता सगळं परत पहिल्यापासून सांगा, असं कोणत्या तोंडानं म्हणू? मी पूर्णेला रिंग देत राहिले आणि हं म्हणत राहिले. तो हं बाईचा आहे की बाप्याचा, हे त्या वेळी ओळखू येण्यासारखं नव्हतंच.

मग ती म्हणाली, “तुमी येता ना?”

सवाल आला. खोकायचं, शिंकायचं. थोरल्यांचा आवाज कानात आला, खोटं सांगत नाही. आणि मी म्हणाले, “हं.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पूर्णेनं परभणी दिली तेव्हा परभणीचा ऑपरेटर म्हणाला, “तुमची पार्टी गेली. टोळीचा ट्रक हॉर्न मारायलता. घरी समदं बरं हाय, फुडं कवातरी करतो म्हणला अन् ठेवला.”

मी उठून खिडकीपाशी गेले. ती कडुलिंबाखाली उभी होती, पदरानं तोंड पुसत होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतकी जवळ. तेवढ्यात बोर्डावर फोन आल्याची खूण करणारे तीन-चार शटर खटाखट पडले, सगळ्यांना एकदमच बोलायचं होतं, आणि मी जाऊन बसले. शटर पडले म्हणून बसले असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खरं म्हणजे मी भ्याले. संध्याकाळी वहीत त्या फोनसमोर लिहिलं, ‘बोलणं झालं.’

म्हटलं, पुढच्या मंगळवारी त्याचा फोन येईल, तेव्हा जोडायच्या आधी त्याला आपण सांगू. पुढच्या मंगळवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. टोळी कुठल्या रानात गेली होती कोणाला ठाऊक! जिथून फोन आला होता त्या हॉटेलवर मी स्वतः दोनदा नंबर लावून पाहिला. ‘टोळी इथून उठली’ एवढंच कळलं.

तिसऱ्या रविवारी मी तिच्या गावाला गेले. एस.टी.नं फाट्यापर्यंत, पुढं पायी. वाटभर वाक्य घोकत होते. ‘बाई, त्या दिवशी तार पडली होती, तो हं माझा होता.’ एवढं बोलायचं आणि मग ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं. तिच्या दारात उभी राहिले, आणि मी तोंड उघडताच तिनं आवाजावरून ओळखलं.

“आगं माय! फोनवाल्या अक्का का तुमी? या की. बसा, बसा.”

तिनं घोंगडी झटकून अंथरली. शेळीच्या दुधाचा चहा केला. सासूला, स्वतःला आणि मला एकसारख्या कपांत दिला. माझं आडनाव तिनं विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढंही कधी नाही. सासू म्हणाली, “लय उनाचं आलात जी, जेवून जा.” तालुक्याला येऊन मला दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांत मला ‘बसा’ म्हणालेलं ते पहिलं घर. वाक्य माझ्या घशात होतं. मी चहा प्याले, भाकरी खाल्ली आणि परत आले. फाट्यावर एस.टी.ची वाट बघताना मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेजारची बाई सरकून बसली.

पुढच्या रविवारी नक्की सांगायचं म्हणून पुन्हा गेले. मग पुन्हा. ती लोकर पिंजायला बसायची आणि मी तिच्यासमोर बसून लोकरीतली कुसळं काढायची. बोटं टोचून लाल व्हायची, पण मला ते काम आवडायला लागलं. ती पोरीबद्दल बोलायची. सासू उठून गेली की जास्त बोलायची. मी हं म्हणायची. आता तो हं माझा होता, माझ्या नावावर होता. शनिवारी रात्री मी साडी धुऊन ठेवायची. मला कुठंतरी जायचं होतं, कोणीतरी वाट बघत होतं. काय सांगू, तेवढ्यासाठी माणूस किती खालच्या थराला जातं ते मी माझ्यावरून सांगते.

पहिल्यांदा ती म्हणायची, “येतीलच दोन-चार दिसांत. लांबचा पल्ला हाय.” मग म्हणाली होळीला येतील. मग पाडव्याला. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली आणि तिनं मंगळवारी पोस्टात येणं बंद केलं. एका रविवारी लोकर पिंजता पिंजता थांबली.

“अक्का, तुमी तर दिसभर लोकांचं बोलणं ऐकता. मला सांगा. लेकराची माती झाली म्हणून मी सांगितलं, तर त्यो नुस्तं हं म्हणला. मी ह्या कानानं ऐकलं. कसं झालं, कवा झालं, येक सबूद न्हाई. येता ना म्हणलं तर हं म्हणला, अन् आला न्हाई. बाप असा आसतो का?”

आता बोल, मी मनात म्हणाले. आता तरी बोल, मेले! मी म्हणाले, “लाइन खराब होती. त्याचं बोलणं नीट आलं नसंल.”

“हं तर नीट आला की,” ती म्हणाली आणि पुन्हा लोकर पिंजायला लागली.

मृग लागायच्या आधी तिचा भाऊ आला, चुडाव्याकडचा. तो सरळ एक्स्चेंजला आला, सोबत जातीतले दोन वयस्कर गृहस्थ. माणसं सभ्य होती. चपला बाहेर काढून आत आली. भाऊ म्हणाला, “बाई, आमी तिला घेऊन जायलाव. पर एकदम कसं कोणावर आळ घ्यावा? दाजीला लेकराचं कळलं का न्हाई तेवढं आमाला पक्कं पायजे. त्याला कळलंच नसंल तर आमी थांबू. कळून बी आला नसंल तर मंग चार माणसांत बसून आमी तिला मोकळी करू. त्या दिशी बोलणं झालं व्हतं ना?”

इतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं. तिचं पुढचं सगळं आयुष्य त्यानं माझ्यासमोर ठेवलं होतं, आणि त्याला फक्त हो किंवा नाही हवं होतं. ‘नाही झालं’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, मग हं कोण म्हणलं? शेजारच्या टेबलावर आमचे इन्चार्ज कान देऊन बसले होते. नोकरी गेली असती. नोकरी गेली असती तर खालाची खोलीसुद्धा गेली असती. आणि ‘नाही’ म्हटलं असतं तर त्या घराची घोंगडीही गेलीच असती. मी वही काढली, पान उलटलं, बोट ठेवून दाखवलं.

“झालं होतं,” मी म्हणाले. “इथं लिहिलंय.”

त्या वयस्कर गृहस्थांपैकी एकानं मान हलवली. लिहिलेलं आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मला नमस्कार करून ते गेले.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा ती बोचकं बांधत होती. सासू चुलीपुढं तोंड फिरवून बसली होती. मला बघून ती उठली, माझा हात धरला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “अक्का, आता तुमी रविवारी कुठं जाशीला?”

स्वतःचं घर मोडून निघालेली बाई माझ्या रविवारची काळजी करत होती आणि मी तिथं दगडासारखी उभी होते. एवढी लाज मला नंतर कशाचीच वाटली नाही.

पावसाळा संपता संपता तिची सासू बाजारात भेटली. तिनं सांगितलं, सुनेचा पाट लागला, दुसरं घर बरं आहे. म्हातारीला आता शेळ्या राखणं होत नव्हतं, विकायला आणल्या होत्या. मी तिच्यासोबत थोडा वेळ उभी राहिले. तिनं मला ‘घरी या’ म्हटलं नाही. तिचंही काय चुकलं!

आणि दिवाळीच्या तोंडावर, एका मंगळवारी दुपारी, परभणीनं मला फोन दिला. “तुमच्याकडची पार्टी बोलवा,” म्हणाला आणि तिचं नाव सांगितलं. मी लाइन घेतली.

“कोण, फोनवाल्या बाई का?” तो चांगलाच आनंदात होता. “आमच्या घरच्यांना बोलवा की जरा. आठ म्हैने झाले, नुस्तं रानच रान. फोन तर लांबच, दिवा बी दिसत न्हवता. लिंबाखाली बसल्या असतील बघा. अन् पोरीला बी आणा म्हणावं. बोलायलीय का ती आता?”

सोपा मार्ग होता. ‘पार्टी हजर नाही’ म्हणायचं आणि प्लग काढायचा. नियमातही तेच बसत होतं. मी प्लगला हात लावला आणि काढवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी तार तुटावी म्हणून देवाला हात जोडले. एखादा ट्रक जाऊ दे, वारा सुटू दे, खांब पडू दे. काही झालं नाही. लाइन इतकी स्वच्छ होती की तिकडं त्याच्या मागं कोणीतरी कपबशा विसळत होतं तेसुद्धा ऐकू येत होतं.

“दादा,” मी म्हणाले, “तुमची पोरगी गेली. होळीच्या आधी. तापानं गेली.”

कपबशांचा आवाज येत राहिला.

“काय म्हणायलात?” तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. मोटरीत, आईच्या मांडीवर. जेवढं तिनं मला सांगितलं होतं तेवढं सगळं, तिच्याच शब्दांत.

“ती कुठं हाय? तिच्याकडं द्या फोन.”

“ती नाही. भावानं नेली. तुम्ही आला नाहीत म्हणून तिला मोकळी केली. तिचा पाट लागला, दादा.”

“आला न्हाईत म्हंजे?” आता तो ओरडला. “मला कोणी सांगितलं? लेकरू गेलं अन् बापाला खबर न्हाई? अशी कशी बाई म्हणायची ती? मला तिनं कामून न्हाई सांगितलं?”

एवढं सगळं करून मी त्याच्या मनात तिच्याबद्दल हे उभं केलं होतं, आणि तिच्या मनात त्याच्याबद्दल तेच. इन्चार्ज खुर्चीतून माझ्याकडं बघत होते. बघू दे म्हटलं.

“तिनं सांगितलं,” मी म्हणाले. “तुमचा फोन आला होता त्याच दिवशी. तार तुटली होती. तिला वाटलं तुम्हीच ऐकताय. तुमच्या जागी मी होते. हं हं म्हणून मी ऐकून घेतलं.”

या वेळी मी हं म्हटलं नाही.

“तुमाला म्हाईत व्हतं,” तो म्हणाला. आवाज एकदम खाली गेला होता.

“हो.”

“तवापासून?”

“हो.”

“मंग तुमी कामून गप ऱ्हायलात? तिला तरी सांगायचं. इतके म्हैने कामून गप ऱ्हायलात, बाई?”

नोकरी गेली असती असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण त्यानं मला विचारलं होतं, आणि खरं उत्तर मी त्याला देणं लागत होते.

“दर रविवारी तुमच्या घरी मला ‘बसा’ म्हणायचे,” मी म्हणाले.